बालीला जायचंय? पुंजारामांना भेटून जा

क्रांती चौकातल्या टूरवाल्याकडं बालीचं बुकिंग झालं की तो गिऱ्हाइकाला वर एक सल्ला देतो. "निघायच्या आधी आपल्या शहरातल्याच सातारा परिसरात पुंजाराम नरवड्यांना भेटून घ्या. फुकट सांगतात, आणि आमच्यापेक्षा बरं सांगतात." आता टूरवालाच असं म्हणतो म्हटल्यावर माणसं जाणारच. नवी जोडपी जातात, बँकेतून रिटायर झालेले साहेब सपत्नीक जातात, परवा तर एक अख्खं भिशी मंडळ गेलं होतं.

पुंजाराम म्हणजे मूळचे पाचोडचे. जमीन तिकडं, नोकरी चितेगावच्या कंपनीत, घर इथं शहरात. सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले, पण सुपरवायझरकी काही अंगातून गेली नाही. मिशा पांढऱ्या, आवाज मोठा, आणि स्वभावाचं म्हणाल तर विचारूच नका. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही.

मागच्या आठवड्यात अमेय आणि सई आले. दोघं नोकरदार, लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. पुंजारामांनी ओट्यावर खुर्च्या टाकल्या, स्वतः चहा केला आणि सुरू झाले.

"पासपोर्टची मुदत आधी बघा, सहा महिने शिल्लक पाहिजे. घड्याळ अडीच तास पुढं करायचं. पैसे बदलताना गडबडू नका, तिथं लाखाची एक नोट असती. नारळपाणी घेतलं तरी हजारात बोलतेत, म्हणून छाती दडपून घ्यायची नाय. नळाचं पाणी प्यायचं नाय. शाकाहारी असाल तर नुसतं 'मटण नको' म्हणून भागत नाय बरं का, त्यांच्या चटणीत वाळलेली कोळंबी असती. ते आधी सांगायचं."

सई फोनवर लिहून घेत होती.

"आन रस्त्यानं चालताना खाली बघून चाला. दारापुढं, दुकानापुढं, कुठं कुठं तर फुटपाथवर, नारळाच्या पानाची इवलीशी टोपली ठिवलेली असती. आत फुलं, भात, उदबत्ती. तो त्यांचा नैवेद्य. रोज सकाळी बाया नवा ठिवतेत. त्याच्यावर पाय पडू द्यायचा नाय, वरून उडी बी मारायची नाय, बाजूनं जायचं. देवळात गुडघे उघडे टाकून जायचं नाय, कमरेला लुंगीवानी कापड आन वर पट्टा बांधायचा. द्यायचं-घ्यायचं उजव्या हातानं. लेकरू कितीबी गोड दिसलं तरी त्याच्या डोक्यावर हात ठिवायचा नाय. आपल्याकडं माया असती ती, तिकडं चालत नाय. आन माकडापास्नं चष्मा सांभाळा, त्याला कुणाचा बी मुलाहिजा नाय."

"नावांचं पण काहीतरी वेगळं असतं ना काका तिकडं?" अमेयनं विचारलं.

"असतं की! पहिलं लेकरू झालं की वायन, दुसरं माडे, तिसरं कोमांग, चौथं कतुत. पाचवं झालं की परत वायन! आता बोला. तिथल्या बाजारात 'ए वायन' म्हणून हाक मारली तर पाव बाजार मागं वळून बघंल." पुंजाराम स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसले.

"काका, तुम्ही किती वेळा जाऊन आलात?" सईनं विचारलं.

"एकदा."

"एकदाच? आणि काकू कुठं दिसत नाहीत?"

"ती तिकडंच हाय. पोरगा तिथं असतो आमचा. दर साली जाती."

"मग तुम्ही?"

पुंजाराम उठले. कप उचलले आणि आत गेले. पोरगी बिचारी ओशाळली. तिला काय माहीत! गल्लीतल्या जुन्या माणसांना माहीत आहे, म्हणून ती विचारत नाहीत. मी सांगतो.

ऋतुराज हा पुंजारामांचा एकुलता एक मुलगा. हॉटेलचं शिकला, मुंबईत दोन वर्षं राबला आणि बालीच्या एका हॉटेलात आचारी म्हणून गेला. त्याच हॉटेलात कोमांग नावाची मुलगी फुलांची सजावट करायची. दोघांचं जमलं. ऋतुराजनं बापाला फोन करून सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. पुंजारामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्या सोयरिकीतल्या पोरी संपल्या व्हय रे? लग्न तुझं, तू लाव. आमची वाट बघू नको."

बायको आवडाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, एकच पोरगं हाय. आपुन जाऊ की." पुंजाराम म्हणाले, "तुला जायचं तर जा. मग हिकडं परत येऊ नको." आता असं बोलल्यावर ती बाई कुठं जाणार? गेली नाही. मुलाच्या डोक्यावर अक्षता कुणी टाकल्या, कोण जाणे. फोटो आले, ते आवडाबाईंनी स्वयंपाकघरात उभ्यानं पाहिले. पुंजारामांनी पाहिले नाहीत, म्हणजे निदान सगळ्यांदेखत तरी पाहिले नाहीत.

मग बापलेकाचं बोलणंच तुटलं. ऋतुराज आईला फोन करायचा आणि "बाबा बरे आहेत ना?" एवढं विचारायचा. पुंजाराम तिथंच बसलेले असायचे, कान देऊन. पण हात पुढं करून फोन काही मागायचे नाहीत. खरं सांगू का, राग केव्हाच उतरला होता. उरला होता तो नुसता ताठा, आणि ताठा असला की माणसाला स्वतःचाच हात हलवता येत नाही.

असं चालता चालता एक दिवस ऋतुराजनं थेट बापालाच फोन लावला. "बाबा, मुलगा झाला."

पुंजाराम म्हणाले, "बरं झालं." एवढंच! आणि फोन ठेवून गुलमंडीवर गेले, पेढे आणले आणि अख्ख्या गल्लीत वाटले. कुत्र्यालासुद्धा एक टाकला.

महिनाभरानं पुन्हा फोन आला. ऋतुराज म्हणाला, "बाबा, इथं एक रीत आहे. लेकरू देवाकडून आलेलं असतं म्हणून पहिले तीन महिने त्याचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. सारखं कडेवर ठेवतात. तीन महिने झाले की पुरोहित येतो, मंत्र होतात आणि घरातलं मोठं माणूस त्याचे पाय पहिल्यांदा मातीला टेकवतं. कोमांगचे वडील म्हणतात, हा मान मुलाच्या आजोबांचा. तुम्ही टेकवा. याल ना?"

पुंजाराम फोन धरून उभे राहिले. म्हणजे ज्या माणसाच्या दारात आपण लग्नाला गेलो नाही, तोच आपल्याला मान देतोय. त्यांनी "येतो" म्हटलं. त्या दिवसापासून ते रोज सकाळी गच्चीवर झाडांना पाणी घालताना एक वाक्य घोकायचे. आवडाबाईंनी जिन्यातून ऐकलंय ते. "ऋतू, चुकलं माझं. लग्नाला यायला पाहिजे हुतं." एवढंच वाक्य. पण साठी उलटलेल्या माणसानं जन्मात कधी म्हटलं नव्हतं, म्हणून घोकावं लागत होतं. नातवाचे पाय मातीला टेकवायचे आणि तिथंच, सगळ्यांसमोर, पोराला हे म्हणायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आता घोडं कुठं अडलं ते ऐका.

विधी होता पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. ऋतुराजनं बजावून सांगितलं, "बाबा, आपला पाडवा तोच यंदा इथल्या नव्या वर्षाचा दिवस आहे. इथं शकच चालतो, आपल्यासारखाच. पण इथं तो दिवस मौनाचा. सबंध बेट बंद. दिवे नाहीत, चूल नाही, रस्त्यावर माणूस नाही. विमानसुद्धा उतरत नाही. म्हणून तुम्ही चार दिवस आधी या."

शक म्हटल्यावर पुंजाराम जरा फुशारले. शालिवाहन म्हणजे आपला पैठणचा, आपल्या तालुक्याचा! पण चार दिवस आधी जायचं म्हटल्यावर तोंड वाकडं झालं. "व्याह्याच्या दारात चार चार दिवस पडून राहायचं? लोक काय म्हणतील?" त्यातच गव्हाला हार्वेस्टर यायचं होतं. ते झालं की जाऊ म्हणाले. गहू घरात आला तोवर अमावास्या उद्यावर आली होती. आणि नरवड्यांच्या घरातून अमावास्येला कुणी गावाला निघत नाही. बाप नाही निघाला, आजा नाही निघाला. मग पुंजाराम कसे निघतील?

"पाडव्याला निघू," ते म्हणाले. "साडेतीन मुहूर्तातला मुहूर्त हाय. सकाळी घरची गुढी उभारायची आन निघायचं."

ऋतुराज फोनवर अक्षरशः विनवत होता. "बाबा, अहो, पाडव्याला निघालात तर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचाल. विधी सकाळी आहे. हुकेल."

"हुकतोय कसा? आजा आल्याबिगर नातवाचा कार्यक्रम व्हतो व्हय? थांबतील की घटकाभर. आन बंदचं मला नको सांगू, असले बंद लई बघितलेत. क्रांती चौकात टायर जळत असतेत तरी आमचा दूधवाला येतो."

आता ह्यात पुंजारामांचं अगदीच चुकलं असंही म्हणता येत नाही. जन्मभर त्यांनी पाहिलं ते हेच. आपल्याकडच्या लग्नात पत्रिकेवर मुहूर्त साडेबाराचा असतो आणि अक्षता पडतात अडीचला, कारण कुणाचे तरी मामा बीड रोडला अडकलेले असतात. पुंजाराम तर भावकीतले थोरले. त्यांची जीप मांडवापाशी आल्याशिवाय भटजींनी मंगलाष्टक उचललेलं नाही. कितीतरी नवऱ्या पोरी त्यांच्यासाठी पाटावर ताटकळल्यात. थोरल्या माणसासाठी थांबायचं असतं, हे त्यांच्या हाडात बसलेलं होतं.

आवडाबाई एकदाच म्हणाल्या, "मी अमावास्येच्या आधीच जाते एकली. ऋतू घ्यायला येईल विमानतळावर."

"एकली? इंग्रजी येतं का तुला?" पुंजाराम हसले, आणि विषय संपला.

पाडव्याला गुढी उभारून, कडुनिंब खाऊन दोघं निघाले. मुंबईहून रात्रीचं विमान, सिंगापूरला उतरून दुसरं. बेट दिवसभर बंद राहिल्यामुळं दुसऱ्या दिवशीच्या विमानांना ही गर्दी. त्यात त्यांचं विमान दोन तास उशिरा सुटलं. पुंजाराम मात्र निवांत. खिडकीतून समुद्र बघत आवडाबाईंना म्हणाले, "थांबले असतील गं. एवढ्या लांबून आजा येतोय."

विमानतळावर ऋतुराज स्वतः आला होता. अंगात पांढरा सदरा, कमरेला धोतरासारखं कापड, कपाळावर ओले तांदूळ चिकटवलेले. तो दोघांच्या पाया पडला. पुंजारामांनी विचारलं, "भटजी आले का?"

"येऊन गेले, बाबा. सकाळीच झालं."

गाडीत आवडाबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

घर मोठं होतं, अंगणातच देऊळ, सगळीकडं फुलं. कोमांग लेकराला घेऊन पुढं आली आणि वाकली. आवडाबाईंनी लेकरू घेतलं. त्याच्या तळव्यांना थोडी माती लागलेली होती, ती तशीच होती. आवडाबाईंनी ते इवलेसे पाय स्वतःच्या कपाळाला लावले आणि मग जी रडायला लागली बाई, ती थांबेचना.

तेवढ्यात कोमांगचे वडील वायन आणि त्यांची बायको दोघं हात जोडून पुंजारामांपुढं येऊन उभे राहिले. वायन हळू आवाजात काहीतरी बोलले. ऋतुराजनं सांगितलं, "बाबा, मौनाच्या दुसऱ्या दिवशी इथं सगळे एकमेकांची माफी मागतात. ते म्हणतात, वर्षभरात माझ्या हातून, तोंडून, मनातून काही चुकलं असेल तर माफ करा. आणि आज सकाळी तुमच्या जागेवर मी उभा राहिलो, त्याचीही माफी द्या."

पुंजारामांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अरे, माफी कुणी मागायची आणि मागतोय कोण! त्यांनी वायनचे हात धरले. मग ऋतुराजकडं वळून त्यांनी आपलं घोकलेलं वाक्य काढायला तोंड उघडलं, आणि निघालं ते भलतंच. "जरा थांबायला काय झालं हुतं रे तुम्हाला?"

ऋतुराज चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, खरं सांगू? सिंगापूरहून फोन येईपर्यंत तुम्ही येणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. लग्नाला कुठं आलात? म्हणून पुरोहितांना थांबा म्हटलंच नाही."

आवडाबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "आन मी रे? मी येईन असं बी नाय वाटलं तुला?"

"तू बाबांना सोडून कधी आली आहेस, आई?"

आवडाबाई म्हणाल्या, "व्हय. तेबी खरंच हाय." आणि त्यांनी लेकराला छातीशी धरलं. नवऱ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढचे दहा दिवस पुंजाराम तिथं राहिले. आता तुम्ही म्हणाल, दहा दिवसांत एक वाक्य बोलता येत नाही माणसाला? नाही आलं. घरात बसलं की पोरगा समोर येतो, म्हणून ते सकाळी उठले की वायनबरोबर बाहेर पडायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघंही शेतकरी. डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांची भाताची खाचरं, वरच्याचं पाणी खालच्याला, आणि पाळी कुणाची ते देवळात बसून ठरतं. पुंजाराम बांधावर उभे राहून म्हणायचे, "आमच्याकडं असतं तर कुऱ्हाडी निघाल्या असत्या!" वायनला कळायचं नाही, तरी तो हसायचा. बाजार पाहिला, देवळं पाहिली, नैवेद्याच्या टोपल्या कशा विणतात ते पाहिलं, चटणीत काय काय घालतात ते विचारून घेतलं. बेटाची खडान्‌खडा माहिती त्या दहा दिवसांतली आहे. पोराशी बोलायचं टाळायला माणूस काय काय शिकतो बघा.

निघताना ऋतुराजनं विमानतळावर सोडलं, पाया पडला. पुंजाराम म्हणाले, "नीट राहा."

त्याच्या पुढच्या वर्षी आवडाबाईंनी आपलं तिकीट स्वतः काढवून घेतलं. नवऱ्याला विचारलं नाही, पंचांग उघडलं नाही. शेजारच्या दीपमालाकडून इंग्रजीची पाच-सहा वाक्यं पाठ केली आणि पिशवी भरली. चिकलठाणा विमानतळावर पुंजाराम पोचवायला गेले. पिशवी त्यांच्याच खांद्यावर होती. दारापाशी ती देताना म्हणाले, "मी बी आलो असतो."

"कुणी नको म्हनलंय?" आवडाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पोराला फोन लावा. चुकलं म्हना. आन या मागनं. तो तुमच्या एका शब्दासाठी बसलाय, मला ठावं हाय. पर तो शब्द मी नाय बोलनार तुमच्या वतीनं. लई वर्सं बोलले."

आणि ती बाई मागं वळून न बघता आत गेली.

पुंजाराम बाहेरच्या कठड्यावर बसले. बराच वेळ बसले. मग खिशातून फोन काढला आणि पहिल्यांदाच, स्वतःहून, मुलाला लावला. ऋतुराजनं पहिल्या घंटीला उचलला.

"बोला बाबा. आई बसली का विमानात?"

"बसली."

"बरं. मी जातो तिला घ्यायला, काळजी नको." मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "आणखी काही म्हणायचंय का, बाबा?"

पुंजारामांनी तोंड उघडलं. ऋतुराज पलीकडं थांबला होता. चांगला थांबला होता, घाई केली नाही त्यानं.

"पाऊस हाय का रे तिकडं?" पुंजारामांनी विचारलं.

"आहे, बाबा," ऋतुराज म्हणाला. "रोजच असतो."